सत्त्याऐंशी नंबरचं घर

शिवणबाई समितीवर आल्या त्या केवळ नियमामुळे. माणसांवर नवं औषध करून पाहायचं असलं की हॉस्पिटलात आधी एक नीतिसमिती बसते. हे करणं योग्य आहे का, ज्याच्यावर करायचं त्याला नीट सांगितलंय का, हे ती बघते. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि एक माणूस असा लागतो ज्याचा औषधपाण्याशी काडीचा संबंध नाही. मी या समितीचा कारकून. पत्रं काढायची, कागदांचे गठ्ठे पोचवायचे, कोण काय बोललं ते टिपायचं, हे माझं काम, आणि ते मी वर्षानुवर्षं नाक मुरडत करत आलोय. बाहेरचा माणूस म्हणून आमच्याकडे आधी एक निवृत्त हेडमास्तर होते. ते बैठकीत झोपायचे. ते गेल्यावर कोणीतरी सुचवलं, तळघरात शिवणकाम करणाऱ्या त्या बाई आहेत ना, त्यांना घ्या. मी मनात म्हटलं, घ्या, झोपायची खुर्ची रिकामीच आहे.

पत्र द्यायला मी तळघरात गेलो. वरून जाणाऱ्या पाण्याच्या नळांखाली शिवणयंत्र, एका बाजूला फाटक्या चादरींचा ढीग, दुसऱ्या बाजूला ऑपरेशनच्या हिरव्या कापडांचे गठ्ठे. बाई सव्वीस वर्षं तिथे ठिगळं लावत होत्या. त्यांनी पत्र उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि विचारलं, "मला काही कळलं नाही तर?"

"तर गप्प बसायचं, बाई. सगळे तेच करतात."

"मग मला बोलावता कशाला?"

मला रागच आला, खरं सांगायचं तर.

त्या गप्प बसल्या नाहीत. दोनशे पानांचा गठ्ठा घरी न्यायच्या, पेन्सिलीने खुणा करून आणायच्या, आणि बैठकीत दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या: "हे सगळं संपल्यावर, काय निघालं ते त्या माणसांना घरी जाऊन कोण सांगणार?" मधुमेहाचा अभ्यास असो, गुडघ्यांचा असो, प्रश्न तोच. डॉक्टर म्हणायचे, बघू, कळवू. वर्षभरात मी इतका सरावलो की तो प्रश्न आधीच टाइप करून ठेवायचो. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी जेवणाच्या सुट्टीत लोकांना हसून सांगायचो. कशावर हसतोय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं एका दुपारी, मी गठ्ठा द्यायला खाली गेलो तेव्हा. सुईत दोरा ओवता ओवता बाई सहज बोलून गेल्या.

त्यांचा नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक होता. फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार झाला. त्या वेळी आमच्याच हॉस्पिटलात एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. इथले एकशे बारा रुग्ण, आणि आणखी चार देशांतले तेवढेच. नेहमीचे उपचार सगळ्यांना. त्यावर निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. बाईंच्या नवऱ्याचा नंबर सत्त्याऐंशी. दहा महिने गोळ्या घेतल्या, मग ते गेले. अभ्यास संपला, डॉक्टरांनी निबंध लिहिले, परदेशी जाऊन वाचले. घरी सांगायला कोणी आलं नाही.

"मी त्यांना रोज दोन वेळा घ्यायला लावायची, भाऊ," बाई म्हणाल्या. "मळमळतं म्हणायचे, तरी लावायची. ती खरी होती की रिकामी, एवढंच मला कळायला हवंय. खरी असेल तर होता होईल ते केलं म्हणेन. रिकामी असेल तर जाणाऱ्या माणसाला उगाच छळलं म्हणेन. काहीही निघू दे, पण कळू दे."

मी वर आलो आणि जुनी फाइल काढली. त्या अभ्यासाच्या मंजुरीचं पत्र मीच टाइप केलं होतं. खाली टाइप करणारा म्हणून माझ्या नावाची इवलीशी आद्याक्षरं होती. त्या दिवसानंतर बाईंचा प्रश्न मी आधीपासून टाइप करून ठेवला नाही.

पुढच्या वर्षी तीच मंडळी दुसरा अभ्यास घेऊन आली. तोच आजार, नवी गोळी, तेच पाच देश. पण आता पाचही देशांच्या समित्यांनी एकत्र बोलून एकमताने मान्यता द्यायची, असं ठरलं होतं. म्हणून महिन्यातून एकदा आमच्या लांबट खोलीत पडदा लागायचा आणि पडद्यावर चार चौकोन उघडायचे. एका चौकोनात कोवळं ऊन, दुसऱ्यात दिवे लागलेले, तिसऱ्यात कोणीतरी स्वेटरवर स्वेटर घातलेलं. मधोमध या अभ्यासाचे मुख्य प्राध्यापक, आणि न दिसणारी एक दुभाषी बाई, जी सगळ्यांचं सगळ्यांना सांगायची. इथे आमच्या एसीचं पाणी बादलीत टपटपत असायचं. पहिल्यांदा ते चौकोन उघडले तेव्हा बाईंनी पदर सावरला आणि पडद्याला नमस्कार केला. चारही चौकोनांतल्या लोकांनी, न कळता, तसेच हात जोडले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

प्राध्यापकांनी तासभर नवी गोळी समजावून सांगितली. मग विचारलं, शंका आहे का कोणाची?

"पहिल्या गोळीचं काय झालं?" बाई म्हणाल्या.

"त्याचे निष्कर्ष छापून आलेत," प्राध्यापक म्हणाले.

"आमच्या गल्लीत येत नाही ते मासिक."

आमचे अध्यक्ष डॉक्टर खुर्चीत चुळबुळले. बाईंनी शांतपणे सांगितलं, की पहिल्या वेळच्या माणसांना कोणाला काय दिलं ते कळल्याशिवाय दुसऱ्यांदा माणसं मागायला येऊ नये. तोवर बाईंचा हात वर होणार नाही. एकाचाही हात खाली राहिला तर कागद परत. इथेच घोडं पेंड खायला लागलं. दोन महिने सगळ्यांनी समजावून पाहिलं. अध्यक्ष तर तळघरापर्यंत उतरले, जे ते आयुष्यात कधी उतरले नव्हते.

तिसऱ्या महिन्यात प्राध्यापकांनी दुभाषीमार्फत विचारलं, "तुमच्या यजमानांचा नंबर काय होता?" माणूस वाईट नव्हता. कोणीतरी त्यांना आतली गोष्ट सांगितली असावी. बाईंनी नंबर सांगितला. ते म्हणाले, "यादी माझ्याकडे आहे. आत्ता पाहून सांगतो."

मी पेन थांबवलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते दोन मिनिटांवर आलं होतं.

"नको," बाई म्हणाल्या. "माझ्या आधी शहाऐंशी आहेत आणि मागे पंचवीस. त्यांना सांगायला लागा. माझा नंबर आला की मला सांगा."

मी जिन्यात त्यांना गाठलं. माझं डोकं फिरलं होतं. "बाई, वाढलेलं ताट समोर आलं आणि तुम्ही ते ढकलून दिलंत."

"रांग मोडून घेतलेलं अंगी लागत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली उतरल्या. मी तिथेच उभा राहिलो. असं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असेल तर ओळखलं नव्हतं.

प्राध्यापकांनी सगळ्यांना घरोघर सांगायचं कबूल केलं. आता बाई जिंकल्या असं मला वाटलं, पण त्यांना अडवलं ते दुसऱ्याच माणसाने. एका दूरच्या देशाच्या समितीवर बाईंसारखेच एक बाहेरचे सदस्य होते; आयुष्यभर बोटीवर तिकिटं तपासलेले, टोपी घालून बसणारे गृहस्थ. त्यांना आम्ही बोटवाले म्हणायचो. ते म्हणाले, आमच्याकडे गेलेल्या माणसाची गोष्ट कोणी न विचारता दारात नेत नाही. कित्येकांना कळून घ्यायचंच नसेल. आधी विचारा, कळून घ्यायचंय का.

बाई तडकल्या. "न कळवण्याची सवय लागली की असंच वाटायला लागतं."

दुभाषीने हे कितपत जसंच्या तसं सांगितलं देव जाणे, पण बोटवाल्यांचा चेहरा पडला. दोन बैठका दोघं भांडले. ते तिकडे, या इकडे, मध्ये समुद्र आणि ती बिचारी दुभाषी. एकदा त्यांनी विचारलं, "आणि एका घरात एकाला हवं, एकाला नको असलं तर?" बाई म्हणाल्या, "घरातले बसून ठरवतील. त्यात समितीने नाक खुपसायचं काय कारण?" हे मी शब्दशः लिहून घेतलं.

बोटवाले मग एवढंच म्हणाले, की त्यांचा भाऊ त्या अभ्यासात होता, आणि त्यांच्या वहिनीला कळून घ्यायचं नाही. तिला झोप लागते ती न कळल्यामुळेच. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं सगळे माझ्यासारखेच असतील. चुकलं माझं." आणि नियम ठरला. घरी जायचं, आधी विचारायचं, विचार करायला आठवडा द्यायचा, आणि घरात एक जरी नको म्हणाला तरी थांबायचं. मोठमोठ्या पदव्यांची माणसं त्या चौकोनांत आणि आमच्या खोलीत बसली होती, आणि नियम केला तो तिकीट तपासणाऱ्याने आणि चादरी शिवणाऱ्या बाईने. आधी ही घरं, मग नवा अभ्यास, असं कागदावर आल्यावर बाईंचा हात वर गेला. मी तो क्षण नोंदवताना तारीख दोनदा लिहिली.

यादी बंद पाकिटातून माझ्याकडे आली. घरोघर जायचं काम माझं आणि बाईंचं. रोज सकाळी निघण्याआधी मी त्या दिवसाच्या ओळी बघायचो, आणि पहिल्याच दिवशी, नको नको म्हणत, माझी नजर सत्त्याऐंशीवर गेली. त्या क्षणापासून दगडाखाली हात अडकला. बाईंना जे हवं होतं ते माझ्या पिशवीत होतं, आणि आम्ही दोघं बसमध्ये शेजारी बसत होतो.

सात महिने आम्ही फिरलो. एका बाईने दारातच सांगितलं, नको, आणि आम्हाला पाणी पाजून पाठवलं. एक गृहस्थ अजून ठणठणीत होते. त्यांना रिकामी गोळी मिळाली होती हे कळल्यावर ते पोट धरधरून हसले आणि मग एकदम रडले. एका मुलाने सगळं ऐकून घेऊन फक्त "धन्यवाद, आलात" म्हटलं. बाई प्रत्येक घरात शेवटपर्यंत बसायच्या, घाई करायच्या नाहीत. सात महिन्यांत त्यांनी एकदाही माझ्या पिशवीकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडेही फारसं नाही. तोंडावरून कळेल म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बोलायच्या. मी एरवी कोणाला मानत नाही. त्या प्रवासात मी बाईंना मानायला लागलो.

सत्त्याऐंशी नंबरचा दिवस आला. त्या दिवशी मी एकटाच गेलो. तिसरा मजला, दाराशी चपलांचे दोन जोड. दार बाईंच्या लेकीने उघडलं. ती आता नोकरीला लागलेली, वडील गेले तेव्हा पंधरा वर्षांची होती. मी ठरलेली वाक्यं वाचून दाखवली. ती वाक्यं बाईंनीच घासूनपुसून लिहिली होती, पण त्या मांडीवर हात ठेवून पहिल्यांदाच ऐकतोय अशा ऐकत होत्या.

"आत्ताच सांगू?" मी विचारलं.

"नियमात आठवडा आहे ना? मग आठवडा."

आठवड्याने बाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. "लिहा भाऊ. नको."

"बाई!"

"लेक नको म्हणते."

"का पण?"

"तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नको म्हणणाऱ्याला 'का?' असं विचारायचं नाही, हेही आपणच नियमात लिहिलंय."

उत्तर माझ्या खणात होतं. मला ते ओरडून सांगावंसं वाटलं. त्या पोरीच्या घरी जाऊन दार बडवावंसं वाटलं. काहीही निघू दे, पण कळू दे, असं बाई म्हणाल्या होत्या, ते मला आठवत होतं. पण बाई समोर उभ्या होत्या, मान खाली, माझ्या चेहऱ्याकडे न बघता. मी लिहिलं, नको.

पुढच्या बैठकीत बाईंनी पडद्यावर सांगितलं, एका घरात दोन मतं झाली, नको म्हणणाऱ्याचं ऐकलं. पण आजचं नको म्हणजे जन्माचं नको असं नाही, म्हणून वर्षाने एकदा पुन्हा विचारावं. बोटवाल्यांनी हळूच विचारलं, कुठलं घर?

"सत्त्याऐंशी नंबरचं. माझंच." आणि पुढे, "तुमचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला होता."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

वर्षभराने मी पुन्हा तो जिना चढलो. लेकीचं उत्तर मला माहीत होतं, पुन्हा नको. दार लेकीनेच उघडलं.

"काका, बसा. आई, तूही बस. या वेळी ऐकायचंय. पण आधी मला सांगायचंय." ती उभीच राहिली. "मावशी आजारी होती तेव्हा तू आठ दिवस गेली होतीस. बाबांच्या गोळ्या माझ्याकडे दिल्या होत्यास. बाबा म्हणाले, मळमळतं गं, राहू दे, आईला सांगू नको. मी सात दिवस दिल्याच नाहीत. त्या सात दिवसांत ते जेवले नीट. मग महिन्याने गेले." तिचा आवाज इथपर्यंत सरळ होता. "ती खरी गोळी असेल तर मी मारलं त्यांना, आई. म्हणून मला कळून घ्यायचं नव्हतं. आता दरवर्षी काका येणार आणि दरवर्षी मी नको म्हणणार, आणि तू माझ्यामुळे… ते नाही जमणार मला."

बाई उठल्या आणि तिच्याजवळ गेल्या. "चौदा गोळ्या," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

पोरीने मान वर केली.

"आल्या आल्या डबी मोजली मी. उरलेल्या गोळ्या हॉस्पिटलात परत द्यायच्या असायच्या, ते मोजून घ्यायचे. चौदा जास्त दिसल्या असत्या तर विचारलं असतं कोणी चुकवल्या. तुला बोलावलं असतं. यांचं नाव अभ्यासातून कमी केलं असतं. मी त्या मोरीत टाकल्या आणि सांगितलं, सगळ्या घेतल्या." त्यांनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. "तुला कळू दिलं नाही, की मला कळलंय. लहान होतीस."

दोघी एकमेकींना सांभाळत बारा वर्षं गप्प होत्या. एका घरात, दोन खोल्यांत.

मग बाई माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सांगा."

"रिकामी होती," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. त्यात काहीच नव्हतं. रिकाम्या गोळीनेही काहींना मळमळतं."

लेक मटकन खाली बसली आणि रडत राहिली. किती वर्षांचं होतं कोण जाणे. बाई रडल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे त्यांना काही मिळणार नव्हतं, तरी दहा महिने घेत राहिले. मळमळलं तरी. पुढच्या कोणासाठी तरी." आणि मग, "चांगला माणूस होता हो."

मला वाटलं, इथे संपलं. जे हवं होतं ते मिळालं. मी पिशवी उचलली, तर बाई म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या बैठकीत मला पहिल्यांदा बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"त्यांच्या कागदावर माझा एक आकडा खोटा आहे ना."

मी उंबऱ्यातच थांबलो. म्हटलं, बाई, बारा वर्षं झाली, रिकाम्या गोळ्या होत्या, कोणाला काय फरक पडतो. समितीवरून काढतील तुम्हाला. त्या म्हणाल्या, "काढू देत. दुसऱ्यांकडून खरं मागायचं आणि आपलं झाकायचं, असं कसं चालेल? लेकीसाठी गप्प होते. आता तिला भीती नाही." त्या दिवशी जिना उतरताना मी दोनदा थांबलो.

हे सगळं लिहायला दोघींची परवानगी आहे. बाईंनी ती लेखी दिली, आणि आधी मला मोठ्याने वाचायला लावलं.

पडदा लागला, चौकोन उघडले. बाई उभ्या राहिल्या. "सत्त्याऐंशी नंबरपुढे सगळ्या गोळ्या घेतल्या असं लिहिलंय. ते खोटं आहे. चौदा घेतल्या नव्हत्या. मी टाकून दिल्या आणि तुम्हाला खोटं सांगितलं. नाव कमी कराल अशी भीती होती."

दुभाषीचा आवाज एकदा अडखळला, मग तिने शेवटपर्यंत सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला. आमचे अध्यक्ष टेबलाकडे बघत होते.

"आमच्याकडे अशी किती घरं असतील?" बोटवाले म्हणाले. "माझ्या वहिनीनेही टाकल्या होत्या. मी पाहिलं होतं."

मग स्वेटरवाल्या चौकोनातल्या नर्सबाई म्हणाल्या, की डबी मोजताना त्या लोकांकडे अशा बघायच्या की कोण खरं सांगेल. प्राध्यापकांनी विचारलं, "मग आम्ही काय करायला हवं होतं?" ते बाईंना विचारत होते. इतक्या शिकलेल्या माणसाने इतक्या साधेपणाने कोणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कागदावर पहिली ओळ घाला," बाई म्हणाल्या. "गोळी चुकली तर सांगा, नाव कमी होणार नाही, कोणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका."

चारही चौकोनांत लोक खाली मान घालून लिहायला लागले. अध्यक्षांनी मला खूण केली, घ्या लिहून. प्रथेप्रमाणे मी विचारलं, "'एका सदस्याने सांगितलं' असं लिहू ना, बाई?"

"नाही. माझं नाव घाला," त्या म्हणाल्या, "आणि चौदा आकडाही घाला."

मी पेन टेकवलं, पण हे नाव मला नेहमीसारखं घाईत खरडायचं नव्हतं. मी अध्यक्षांना म्हटलं, जरा थांबा. सगळे थांबले, आणि मी बाईंचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुढे चौदा.